तीन दिरहमचं जेवण

शारजात, रोला बाजाराच्या मागे एका जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही पाच मराठी बॅचलर एकत्र राहायचो आणि पाळीपाळीने रांधून मेस चालवायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका शुक्रवारी दुपारी, बांगड्याचं कालवण पुढ्यात असताना, विलासने जाहीर केलं... "पुढच्या महिन्यापासून आपलं मेसमधलं नाव खलास!"

विलास गुहागरकडचा. दुबईत एसीचे डक्ट बसवायचा, आणि संध्याकाळी कंपनीची व्हॅन ट्रॅफिकमध्ये तासन् तास अडकायची. घरी पोचेपर्यंत भात गार, आमटीचा तळ उरलेला, आणि वर भांडी घासायची पाळी हमखास त्याची. त्याचा वैताग काही खोटा नव्हता.

"शवर्मा तीन दिरहम, म्हणजे छत्तीस रुपये. वर एक दिरहमचा कोला. झालं जेवण! मेसपेक्षा स्वस्त की नाही, साहेब?" मी एका ऑफिसात अकाउंट्सला होतो, म्हणून ही मंडळी मला साहेब म्हणायची. वाचलेले पैसे तो आईला पाठवणार होता... आणि सुरुवातीला पाठवायचाही.

आधी एक शवर्मा होता. मग एकाने पोट भरेना म्हणून दोन झाले, सोबत फ्राइज आल्या. नंतर त्याची साइट एका मॉलमध्ये लागली आणि दुपारीही बर्गर, तळलेलं चिकन, बादलीएवढा कोला सुरू झाला. मेसपेक्षा स्वस्त वगैरे कधीच संपलं होतं, पण विचारलं की तो भाव मात्र त्या पहिल्या शवर्म्याचाच सांगायचा.

दोन वर्षांत गडी चांगलाच सुटला. सुट्टीवर गावी गेला तेव्हा अख्खी वाडी म्हणे कौतुकाने बघत होती... "दुबई मानवली हो विलासला!" आपल्याकडे गल्फचा माणूस बारीक होऊन आला तर लोक कंपनीला शिव्या घालतात. पोट घेऊन आला तर मुलींचे बाप चौकशीला येतात.

दोन जिने चढला की त्याला धाप लागायची. एकदा डॉक्टरला दाखव म्हटलं, तर हसला. "साहेब, व्हिसाचं मेडिकल आत्ताच झालंय. रक्त घेतलं, एक्स-रे काढला. इथल्या सरकारने पास केलंय, अजून काय पाहिजे?"

हे खूळ आम्हा सगळ्यांचंच होतं. मेडिकल पास म्हणजे तब्येत ठणठणीत, पुढच्या व्हिसा स्टॅम्पिंगपर्यंत बघायला नको. तिथे बघतात ते दुसऱ्याला लागणारे रोग... आपले आपल्याला होणारे कोण कशाला बघतोय?

मग विलास अचानक वाळायला लागला. सारखा तहान तहान करायचा आणि तहानेवर पुन्हा थंड कोला. गावी फोटो गेला तशी आईने तिकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला. सोबत निरोप होता, पैसे कमी पाठव पण पोटाला खा. विलासने ते लाडूही मन लावून संपवले.

त्यानंतर सेफ्टी शूज चावून अंगठ्याला फोड आला. दुखत नव्हता, म्हणून त्याने लक्षच दिलं नाही. लक्ष गेलं तेव्हा अंगठा काळा पडला होता.

हॉस्पिटलमध्ये मल्याळी डॉक्टरने रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "शुगर कितने साल से है?" विलास "कौनसा शुगर?" म्हणाला.

अंगठा गेला. मग अर्धं पाऊल गेलं. कंपनीने बिलातलं थोडंफार दिलं, बाकीचं विलासने घराच्या स्लॅबसाठी साठवलेल्या पैशांतून गेलं. शिडीवर चढू न शकणाऱ्या माणसाचं कंपनीला काय काम... व्हिसा कॅन्सल झाला. लग्नाचं वय होतं हो त्याचं!

मी रजा टाकून त्याला गावी पोचवायला गेलो. पायाचं त्याने आईला फोनवर सांगितलं होतं, पण अंगणात आल्यावर माउलीने पायाकडे बघितलंच नाही. त्याच्या बसलेल्या गालांवरून हात फिरवत राहिली.

"उपाशी राहून पैसे पाठवत होतास ना रे? नको होते मला ते पैसे..."

"नाही गं आई. रोज पोटभर खात होतो."

"खोटं बोलू नको." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा, साहेब. जेवायचा का हा?"

मी सांगितलं, "रोज जेवायचा, आई. अगदी पोटभर." तिने माझ्याकडेही तसंच बघितलं, जसं खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघतात. मग आत गेली आणि वाटीभर शिरा घेऊन आली. विलास ती वाटी हातात धरून बसून राहिला... एक घास त्याच्या तोंडात गेला नाही.

पुढे त्याच्या किडन्या गेल्या. आता विलास नाही.

त्याची आई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, माझा मुलगा दुबईत उपाशी राहिला, उपासमारीने गेला. पूर्वी ऐकून मला फार त्रास व्हायचा. वाटायचं, तिला समोर बसवून सगळं समजावून सांगावं.

आता नाही वाटत. संध्याकाळी घरी गरम आमटी-भाताचं ताट समोर आलं की विलास आठवतो... आणि त्या माउलीचं फार काही चुकलेलं नाही, असंच वाटतं.