अभ्यासक्रमाच्या पानांवर पोहे

माझ्या विद्यार्थ्यांसाठी झेरॉक्स काढून आणलेल्या अभ्यासक्रमावर माझ्या विभागाने पोहे खाल्ले.

एका प्राध्यापकांना बढती मिळाली होती. स्टाफरूममध्ये पोहे-जिलेबी आली, पण प्लेटा आणायच्या राहून गेल्या. विभागप्रमुख देवधर सर उठले. कपाटावर माझा गठ्ठा होता, दुसऱ्या दिवशी नव्या वर्गात वाटायचा. वरच्या पानावर पेपरचं नाव आणि त्याखाली माझं. त्यांनी ते वाचलं. त्यांना वाचताना मी पाहिलं. मग विचारलं, "ये रद्दी किसकी पड़ी है?"

मी दारातच उभी होते.

सरांनी गठ्ठा शिपायाकडे दिला. शिपायाने पानं मधोमध फाडली. एकेका तुकड्यावर पोहे, वर शेव, कडेला जिलेबी. पहिला तुकडा सरांनी स्वतः माझ्यापुढे धरला.

"लीजिए मैडम. आप अपने ही काग़ज़ पर खाइए."

हसले. स्टाफरूममधले सगळेच, पण सगळे मोठ्याने नाही. दोघं-तिघं आपल्या पोह्यांत बघत हसले. मला त्यांचीच जास्त किळस आली.

मी तो कागद घेतला. तेल झिरपून मागची अक्षरं पुढे आली होती. पहिल्या आठवड्यात काय शिकायचं आणि कशासाठी, ते मी तिथे लिहिलं होतं. त्यावर जिलेबीचा पाक. मी खाल्लं. उभ्या उभ्या. सगळे बघत होते म्हणून खाल्लं, आणि कुणी बघत नव्हतं तेव्हाही खात राहिले. मग बाथरूममध्ये जाऊन सगळं ओकून टाकलं. तळलेल्या तेलाचा वास बोटांवरून संध्याकाळपर्यंत गेला नाही.

मी अतिथी विद्वान. आमच्या मध्य प्रदेशात कंत्राटावरच्या प्राध्यापकाला हे नाव आहे. अतिथी म्हणजे ज्याला कधीही निघा म्हणता येतं तो. विद्वान हे नुसतं लावलेलं. भोपाळच्या एका कॉलेजात मी बी.ए.च्या मुलांना समाजशास्त्र शिकवत होते. माझे बाबा वर्ध्याकडून इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आले. आम्ही बौद्ध. घरात मराठी, बाहेर हिंदी.

देवधर सरही मराठी, ग्वाल्हेरचे. कॉलेजात पहिल्या दिवशी मी मराठी आहे कळल्यावर केवढे खूश झाले होते. "अरे वा, आपल्यातल्याच निघालात." मग गाव विचारलं. मग आडनाव नीट विचारलं, दोनदा. मी सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले. त्या "अच्छा"नंतर ते माझ्याशी मराठी बोलले नाहीत. तेव्हापासून हिंदीच. स्वच्छ, थंड, ऑफिसातली हिंदी.

अभ्यासक्रम वाटण्याचं वेड मला कुठून लागलं, ते सांगते. मी एम.ए. करत होते तेव्हा विद्यापीठाचा अभ्यासक्रम म्हणजे नुसती मथळ्यांची यादी. कुठलं पुस्तक, त्यातलं कुठलं प्रकरण, कशाला किती महत्त्व, उत्तर कसं लिहिलं की गुण मिळतात, काही नाही. मी वाचनालयात जाऊन दिसेल ते वाचायची. पेपर हातात आला तेव्हा एक अख्खा भाग मी उघडूनही पाहिलेला नव्हता. माझ्या वर्गातल्या एका मुलीला सगळं माहीत होतं. तिचे काका आम्हाला शिकवायचे. तिने चोरून काही मिळवलं नव्हतं. तिला ते जेवताना मिळत होतं, वरणभाताबरोबर. आमच्या घरी जेवताना कारखान्याच्या पाळ्यांच्या गोष्टी निघायच्या.

तेव्हा कळलं. दार उघडं ठेवून आतला रस्ता लपवायचा, हीसुद्धा एक रीत आहे. दारावर कुणी अडवत नाही. तुम्ही आपले आपणच हरवता. मग ते म्हणतात, ह्यांच्यात कुवतच नाही.

म्हणून शिकवायला लागल्यावर मी ठरवलं, पहिल्याच तासाला सगळं उघडं करायचं. कुठल्या आठवड्यात काय. कुठलं पान वाचून यायचं आणि ते पान कुठे मिळेल. वर्ष संपल्यावर तुम्हाला काय करता आलं पाहिजे. गुण कशाचे, कसे. कामामुळे तास बुडाला तर काय करायचं. मी कुठे बसते, कधी भेटते. गुण पटले नाहीत तर येऊन विचारायचं, आणि विचारायला भ्यायचं नाही. सोप्या हिंदीत लिहिलं. मोबाइलवर पाठवलं आणि कागदावरही दिलं, कारण माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या हातात मोबाइल नसतो. तो भावाच्या खिशात असतो.

सविता अहिरवार त्यातलीच. भोपाळच्याच करोंद भागातली. वडील तिथल्या मंडीत गव्हाची पोती उचलतात. पहिल्या वर्षी, माझा पेपर नव्हता तेव्हा, ती शेवटच्या बाकावर बसून नुसती उतरवून घ्यायची. दुसऱ्या वर्षी माझा कागद हातात आल्यावर ती वाचून यायला लागली. तासाआधी. मग हात वर करायला लागली. मी काही जादू केली नव्हती. तिला फक्त आज काय होणार ते आधी माहीत होतं.

आणि एक दिवस तिने देवधर सरांच्या तासाला हात वर केला. "सर, आपके पेपर का भी ऐसा काग़ज़ मिलेगा?"

सर वीस वर्षं जुन्या वह्यांतून वाचून दाखवतात. त्यांच्या पेपरात काय येणार ते त्यांच्या घरी शिकवणीला जाणाऱ्यांना कळतं. सविताला त्यांनी उभं ठेवलं. तास संपेपर्यंत. "किसने सिखाया ये?" एवढंच विचारत राहिले. तिने माझं नाव घेतलं नाही. त्यांना ते ऐकायची गरजही नव्हती.

त्याच आठवड्यात बढतीचे पोहे आले.

त्या रात्री मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "खाल्लं काहून तू?"

"सगळे बघत होते, बाबा."

"नोकरी हाय, बाई. तोंड बंद ठेव. आम्ही ठेवलंच ना."

त्यांच्यावर मला राग आला नाही. ते उठून गेले आणि पाणी पिऊन आले, आणि पुन्हा गेले आणि पुन्हा पाणी पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी नव्या वर्गात माझ्याकडे वाटायला कागद नव्हता. मी खडू घेतला आणि अख्खा अभ्यासक्रम फळ्यावर लिहून काढला. फळा भरला की पुसायचा, पुढचं लिहायचं. मुलांनी उतरवून घेतला. कुणी विचारलं नाही, झेरॉक्सचं काय झालं. शिपायाकडून त्यांना आधीच कळलं होतं.

पुढे कॉलेजला दर्जा देणारी समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. अशा समितीला प्रत्येक पेपरचा तपशीलवार आराखडा दाखवावा लागतो. विभागात तसा एकच होता. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ये गं, बस. चहा घेशील?"

मराठी. मी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का.

"तुझं काम मी बघितलंय. सुरेख आहे. शेवटी मराठी माणूसच असं काम करू जाणे." ते हसले. "आता असं कर. सगळ्या पेपरांचे तसे आराखडे करून दे. वर विभागाचं नाव टाक. तुझं नको, अतिथींची नावं फायलीत बरी दिसत नाहीत. आणि ते गुण कसे देणार, पटले नाहीत तर विचारा, ते काढून टाक. उगाच डोकेदुखी."

"विद्यार्थ्यांना कधी वाटायचे?"

"वाटायचे कशाला? फायलीला लावायचेत."

मी त्यांच्या टेबलाकडे बघत होते. काचेखाली देवाचा फोटो, नातवाचा फोटो. इतकी गोड मराठी मी त्या कॉलेजात ऐकली नव्हती. तिच्यावर तुपाचा थर होता. माझी आई ज्या भाषेत मला जेवायला हाक मारते, ती भाषा ह्या माणसाने ठेवणीतल्या कपड्यासारखी बाहेर काढली होती, काम होईपर्यंत घालायला. पोहे मी गिळले होते. पण ह्या वेळी गिळलं नाही.

"मग मी देणार नाही, सर."

"पुढच्या वर्षाचा विचार कर जरा."

"केला. देणार नाही."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. आणि हिंदी परत आली. "आप लोगों को जितना दो, कम पड़ता है. कुर्सी दी, बराबर में बिठाया."

"कुर्सी आपने नहीं दी, सर. और मेरा काग़ज़ आपके खाने के लिए नहीं है."

आणि मी केबिनबाहेर पडले.

समिती आली. त्या दिवशी मला रजा घ्यायला लावली होती. माझाच अभ्यासक्रम कुणीतरी मोबाइलवरून उतरवून घेतला, माझं नाव काढलं, ती दोन कलमं काढली आणि फायलीत लावला. समितीने विभागाचं कौतुक केलं म्हणे. कॉलेजला चांगला दर्जा मिळाला. पोह्यांत बघत हसणाऱ्यांपैकी एका मॅडमने मला फोन करून हे सांगितलं आणि म्हणाली, "आपको बुरा तो नहीं लगा ना?" मी फोन ठेवून दिला.

नव्या सत्रात मला बोलावणं आलं नाही. एका खासगी कॉलेजात तास मिळाले. एका रविवारी आमच्या अशोका गार्डन भागातल्या घरात पुढच्या खोलीतला पलंग बाबांनी एकट्याने भिंतीला लावला, सतरंजी अंथरली आणि म्हणाले, "पोरी कुठं बसतीन?"

सविता आली होती, आणि तिच्याबरोबर तिच्या वर्गातल्या आणखी काही जणी. देवधर सरांच्या पेपरची मथळ्यांची यादी घेऊन. आम्ही ती फोडली. एकेक मथळा आठवड्यांत वाटला, कुठलं पुस्तक वाचनालयात कुठल्या कपाटात आहे ते मुलींनीच शोधून आणलं. संध्याकाळपर्यंत सरांचा पेपर सरांशिवाय उघडा झाला. सोमवारी तो अख्ख्या वर्गाकडे होता. पुढच्या वर्गाकडेही.

आता मी थांबणार नाही. त्या विभागातला जो जो पेपर बंद ठेवलाय, तो मी उघडणार आणि ज्याला हवा त्याला देणार. माझ्या मुलांना देणार, दुसऱ्यांच्या मुलांना देणार, देवधर सरांच्या शिकवणीला जाणाऱ्यांनाही देणार. प्रत्येकावर खाली माझं नाव असेल. वर शिकवणाऱ्याचं नाव असेल, त्याची खोली असेल, भेटायची वेळ असेल. मुलं त्या वेळेला त्या दारात जाऊन उभी राहतील आणि विचारतील. त्याने दार लावून घेतलं, तर उद्या पुन्हा जातील. मी त्यांना तेच शिकवलंय, आणि तेच शिकवत राहणार.