हत्ता दाखवणारे मामा

दुबईत येऊन गेलेल्या मराठी पाहुण्यांपैकी निम्म्यांना हत्ता नावाचं गाव आमच्या हिच्या मामांनी दाखवलेलं आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ते दाखवणारच होते, पण त्या मंडळींची विमानं आधी सुटली. हे हिचे तसे फार लांबचे मामा. नातं नीट समजावून सांगायला बसलं तर समोरचा चहा गार होतो. पण परदेशात लांबची नाती आपोआप जवळ सरकतात, आणि मामा तर अल कुसैसमधल्या आमच्या सगळ्या बिल्डिंगचेच मामा झाले होते. एसी डक्टिंगच्या एका कंपनीत ते कामाच्या खर्चाचा अंदाज काढणारे एस्टिमेटर होते. मागच्या गल्लीत एका फ्लॅटमधली एक खोली घेऊन एकटे राहायचे, आणि शनिवार उजाडला की आपली जुनी पांढरी गाडी धुऊनपुसून कुणाचे तरी पाहुणे उचलायला हजर व्हायचे.

इथे प्रत्येक घराला पाहुण्यांचा हंगाम असतो. हिवाळा सुरू झाला की सासू-सासरे, आत्या, मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी असे सगळे येतात. उंच टॉवर, मॉल आणि वाळूतली सफारी एवढं दाखवून झालं की यजमानाजवळचं सगळं संपतं, पाहुणे मात्र शिल्लक असतात. त्या घडीला मामांना फोन जायचा. मामा कोण येतंय, कुठून येतंय, काही विचारायचे नाहीत. "यल्ला, चला, सहाला खाली उभे करा," एवढंच म्हणायचे, जणू कुरिअर न्यायचं आहे. मग दीड तास गाडी, दोन्ही बाजूंना आधी पिवळी वाळू, मग लाल वाळू, आणि एकदम समोर उघडेबोडके, काळपट डोंगर. लाल वाळू येईपर्यंत गाडीत कुणी डुलकी काढलेली त्यांना खपत नसे. कुणी उंटाचा फोटो काढायला लागलं की त्यांचा चेहरा पडायचा. उंट काय कुठेही भेटतो, डोंगराकडे बघा, असं त्यांचं म्हणणं. आमची लेक मागून "आर वी देअर यट?" म्हणायची, त्यावर मामा दरवेळी "इन्शाल्ला" म्हणायचे आणि ती गप्प बसायची.

हत्ता दाखवण्याचा त्यांचा क्रम ठरलेला होता आणि तो देवळातल्या पूजेइतका पक्का होता. आधी दगडामातीची जुनी घरं, खजुराच्या खोडांची छतं. मग टेकडीवरचा गोल बुरूज. मग खजुराच्या बागेतून खेळवलेलं पाटाचं पाणी, आणि धरण अगदी शेवटी. धरणाचं ते हिरवं-निळं पाणी आधी दाखवलं की माणसं बाकी काही बघतच नाहीत, हा त्यांचा अनुभव. जुन्या घराचं दार ठेंगणं, तिथे वाकूनच आत जायचं. माझी आत्या मुळात इतकी बुटकी की ती ताठ चालत गेली, तर मामांनी तिला परत बाहेर पाठवून वाकून यायला लावलं. बुरुजाचं दार जमिनीपासून पुरुषभर उंचावर आहे. पूर्वी पहारेकरी दोर धरून वर चढायचे. दोर आता नाही, पण मामा हवेतला दोर पकडून, एक पाय भिंतीला टेकवून, चढून दाखवायचे. एकदा तिथला मल्याळी गार्ड सावलीतूनच म्हणाला, "मामा, आज तीसरी बार है, बस करो, कमर जाएगी." बुरूज किती जुना, असं कुणी विचारलं तर मामा डोळे मिटून म्हणायचे, "फार जुना." त्यापुढे विचारायची कुणाची छाती होत नसे.

त्यांची गाडी रुळावरून घसरलेली मी एकदाच पाहिली. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान युरोपची टूर करून पुण्याला परतताना आमच्याकडे उतरले होते. हत्ताच्या वाटेवर त्यांनी फोनमध्ये इटलीतल्या डोंगरातलं एक गाव काढलं आणि ते संपेचना. चर्चचा मनोरा, दगडी गल्ल्या, जुना पूल, गावाबाहेरचा धबधबा, किल्ल्याची पडकी भिंत, सगळं कसं जपलंय बघा. बुरुजापाशी पोचल्यावरही तेच चाललं होतं. मामा रागावतील म्हणून मी धास्तावलो. मामांनी मात्र चष्मा लावून एकेक फोटो निगुतीनं पाहिला आणि विचारलं, इथे राहतं कोण? भावजी म्हणाले, म्हातारी माणसं आहेत थोडी, तरुण सगळे कामाला बाहेर, उन्हाळ्यात महिनाभर येतात. मामांनी फोन परत दिला. "म्हणजे आपल्यासारखंच की," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तिथे धरण आहे का? भावजी नाही म्हणाले. "खलास," मामा म्हणाले, आणि दोर चढायला निघाले.

पाहुणे नसले तरी मामा हत्ताला जातात, हे मला फार उशिरा कळलं. रमजानात, उन्हाळ्यात, दगड तापून हात लागू देत नाहीत तेव्हासुद्धा. एकटं जाऊन काय करता, असं मी विचारलं, तर म्हणाले, तालीम, मामी येतील तेव्हाची. मामी इस्लामपूरला शाळेत शिकवायच्या. त्यांना इकडे आणायचं पहिल्यापासून ठरलेलं होतं. आधी मामांची आई अंथरुणाला खिळली, मग मुलीची दहावी आली, मग बारावी, मग मुलीचं लग्न, मग बाळंतपण. दरवेळी व्हिसाची तयारी व्हायची आणि दरवेळी काहीतरी निघायचं. मामा वर्षातून एकदा महिनाभर घरी जाऊन यायचे, तेवढाच त्यांचा संसार. इकडे हत्तात कुठल्या वेळी कुठे सावली असते, गुडघे दुखणाऱ्याला बुरुजाची टेकडी कुठून चढता येते, बायकांची स्वच्छ सोय कुठे आहे, हे सगळं त्यांनी आमच्या पाहुण्यांवर पारखून घेतलं होतं. माझी आत्या, माझे भावजी, हिचे आईवडील, सगळे मामींच्या नावानं आधी फिरून आले होते, आणि बिल्डिंगमधल्या कुणालाही याचा पत्ता नव्हता. त्या माणसाला रिकाम्या गाडीत कल्पनेतल्या मामींशी बोलत डोंगराकडे जाताना मी डोळ्यांपुढे आणलं आणि मला फार वाईट वाटलं.

शेवटी मामांची निवृत्ती आली. नोकरी संपली की इथला व्हिसाही संपतो, तेव्हा आता जायचंच. त्याच सुमाराला मामीही शाळेतून मोकळ्या झाल्या आणि नवऱ्याला न्यायला म्हणून पहिल्यांदा इकडे आल्या. शनिवारी त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मामींसाठी दार उघडलं, पाठीला उशी दिली, ऊन लागतंय का, एसी जास्त होतोय का, दर थोड्या वेळानं विचारलं. लाल वाळू, जुनी घरं, बुरूज, पाट, सगळं क्रमानं झालं. मामी ठेंगण्या दारातून वाकून गेल्या, बुरुजाला "वा, छान" म्हणाल्या. सगळं रीतसर चाललं होतं, अगदी बिल्डिंगमधल्या कुणाच्याही पाहुण्यांना दाखवावं तसं.

धरणापाशी मामींना बाकावर बसवून मामा चहा आणायला गेले. मामी पाण्याकडे बघत हिला म्हणाल्या, "हे दरवर्षी घरी येतात ना, तेव्हा मीपण असंच करते गं. ठेवणीतले कप काढते. पहिल्या दिवशी पुरणपोळी, मध्ये एकदा कोल्हापूर, जाताना चकलीचा डबा. कुणी कुणाला दुखवत नाही. आम्ही कधी भांडलो नाही, लोकांना केवढं कौतुक." हिनं त्यांचा हात धरला. तेवढ्यात मामा कडक चहाचे कप सांभाळत आले आणि त्यांनी मामींना विचारलं, साखर बेताची आहे ना?

विमानतळावर मामी हिच्याशी बोलत पुढे गेल्या तेव्हा मामांनी मला बाजूला घेतलं. इतकी वर्षं ओळख, पण त्यांना असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"जावईबापू, महिनाभर कसं राहायचं ते मला येतं," ते म्हणाले. "त्याच्यापुढे काय करायचं असतं?"

होईल हो सगळं, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि त्यांची ट्रॉली ढकलत दारापर्यंत गेलो.

पहिला महिना मामांचे फोटो येत राहिले. पुरणपोळी आली, कोल्हापूर आलं, नातवाला खांद्यावर घेतलेले मामा आले. मग एकदम सगळं थांबलं. दोन-तीन शनिवार असेच गेले, तेव्हा ही काळजीत पडली आणि तिनं फोन लावला. मामींनी उचलला. त्यांचा आवाज बसलेला होता, पण त्यात एक वेगळाच हुरूप होता.

"अगं, काल आम्ही भांडलो," मामी म्हणाल्या. "चांगले कडाकडा. यांची बॅग आल्यापासून दारामागे उभी. रोज केर काढताना मी ती सरकवते. काल म्हटलं, आता ती माळ्यावर टाका, नाहीतर घेऊन जा परत. तर केवढे चिडले."

मग, असं हिनं घाबरत विचारलं.

"मग काय. रात्री जेवले नाहीत. आज सकाळी उठून स्टूल घेतलं, चढले आणि टाकली वर. आता झोपलेत, उठले की सांगते तुझा फोन होता."

ही हसत हसत फोन ठेवून मला सगळं सांगायला आली, आणि सांगता सांगता तिनं वर छताकडे पाहिलं. आमच्या घराला माळा नाही, इथल्या फ्लॅटना तो नसतोच. आमच्या बॅगा पलंगाखाली असतात, हात घातला की मिळतील अशा.