टँकरची पहिली बादली
लातुरात लेकीच्या कोचिंगबाहेर पत्र्याखाली थांबलो, की तापलेल्या पत्र्याचा वास येतो आणि किल्लारीच्या भूकंपानंतरची आमची पत्र्याची शेड आठवते. एके दिवशी पाण्याचा टँकर उशिरा आला. घशाला कोरड पडलेली, मी घागर घेऊन आईसोबत रांगेत. मदतीला आलेल्या, तपकिरी झग्यातल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या सिस्टरनी क्रूसाची खूण केली आणि पहिली बादली एका म्हशीपुढं ठेवली. तिचा मालक अख्ख्या घरासकट मातीखाली गेलेला. आई भडकली. "लेकरं तहानलीत सिस्टर, अन् तुम्ही ढोराला पाणी पाजायलात?" "लेकरांना आई आहे," सिस्टर म्हणाल्या, "हिला कोण आहे?" आईनं तरातरा जाऊन बादली धरली. मला वाटलं, आता ती उचलून आणणार. पण म्हैस पीत होती. आमची गाय भिंतीखाली गेली होती. आई तशीच बादली धरून उभी राहिली. "पित्या जनावराला अर्ध्यावर उठवू न्हाई," एवढंच म्हणाली. मीही रांग सोडून तिच्यामागं आलो होतो; तोवर आमची पाळी गेली, टँकर संपला. रिकामी घागर घेऊन परतताना मला दोघींचाही संताप आला होता. तो अजून गेलेला नाही. पण उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवल्याशिवाय माझ्या घशाखाली घोट उतरत नाही, आणि त्याचाही मला रागच येतो.