बासष्टाव्या पानावरची पोर

इंदूबाईला पुस्तकांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. लेखकाचं नाव तर ती वाचतच नसे. पहिलं पान उलटून सरळ आत शिरे, ओळखीच्या घरात शिरावं तशी. मग त्या पुस्तकाला ती स्वतःच एक नाव देऊन टाकी. एक होतं ‘रडकं’. एक ‘पळपुट्या पोराचं’. एक ‘बंगल्यावालं’. आणि एक ‘राक्षसवालं’, ज्याच्यापायी तिला भर सभेत पोटच्या पोराविरुद्ध उभं राहावं लागलं.

तिचं गाव बेंबळेच्या काठी, बाभुळगावहून तीन कोसांवर. छप्पन साली वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि आठवड्याभरात घरोघरचे देव नदीत गेले. इंदूबाईनं सासूच्या वेळचे देवांचे टाक कमरेइतक्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या हातानं सोडले. परत येताना अंग इतकं हलकं झालं की ती वाटेत उगीचच हसत सुटली, असं ती सांगे. नवरा पुढच्याच वर्षी तापानं गेला. मागे राहिला एकुलता एक श्रावण. तो मॅट्रिक झाला, मास्तर झाला आणि वस्तीतल्या मोठ्या माणसांसाठी दिवेलागणीला वर्ग घेऊ लागला.

पहिल्या दिवशी वर्गात सतरा बाया होत्या. महिन्याभरात चार उरल्या आणि दिवाळीनंतर एक. ती एक म्हणजे मास्तरांची आई. “मास्तर घरातलाच हाय, पळून जाऊ कुठं?” असं ती म्हणायची, पण ते काही खरं नव्हतं. तिला अक्षरांची गोडी लागली होती. चाळिशी उलटलेली बाई पाटीवर ‘ळ’ गिरवताना जीभ बाहेर काढी आणि श्रावण मास्तर तोंड फिरवून हसे. वर्षभरात ती अडखळत वाचू लागली, दोन वर्षांत घडाघडा.

साठ साली यवतमाळच्या एका वाचनालयानं खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवायला सुरुवात केली. एसटीच्या टपावरून पेटी यायची. चाळीस पुस्तकं, तीन महिने ठेवायची, मग ती परत आणि दुसरी हजर. वस्तीची पेटी विहारात, म्हणजे एका टिनाच्या पडवीत, बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवलेली असे. पेटी भरणाऱ्यानं लहानमोठं काही पाहिलेलं नसे. पोरांच्या कादंबऱ्या आणि थोरांच्या कादंबऱ्या एकमेकींना टेकून बसलेल्या. हा भेद इंदूबाईलाही कोणी सांगितला नव्हता. शेत निंदावं तशी ती एका टोकापासून वाचत निघाली, एकही ओळ न सोडता.

मत द्यायला मात्र तिला भीडभाड नव्हती. ‘रडकं’ हे थोरांचं पुस्तक, आणि शिकल्यासवरलेली माणसं त्याला फार नावाजत. त्यातला नायक दोनशे पानं आजारी होता. इंदूबाई म्हणाली, “दोनशे पानं पडून हाय, अन् एक बी बाई त्याले पेज करून देत नाही. साऱ्या खिडकीपाशी उभ्या राहून रडून राह्यल्या. मंग तो मरन नाही त काय करन?” ‘पळपुट्या पोराचं’ हे मुलांसाठीचं. घरातून पळालेला पोरगा जहाजावर खलाशी होतो, वादळात सापडतो, वाचतो. ते तिला इतकं आवडलं की तिनं लागोपाठ दोनदा वाचलं. पण पोरगा गेल्यावर त्याची माय एका ओळीत रडून मोकळी झाली होती, त्यापायी तिनं लेखकाला धारेवर धरलं. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, “याले माय नसन लहानपनापासून. कसं लिहीन बिचारा?” तेव्हापासून त्या कोण कुठल्या लेखकाविषयी तिला मायाच वाटू लागली. चोरीच्या एका कादंबरीतला चोर तिनं तिसऱ्याच प्रकरणात ओळखला. “ज्याच्या तोंडी लय गोड बोलनं घातलं, तोच,” ती म्हणाली, आणि निघालाही तोच.

ही मतं ती देई कुठं, तर कापसाच्या वावरात. वेचणीला बाया ओळीनं उभ्या राहत, लुगड्याची ओटी करून. इंदूबाईच्या डाव्या हाताला तिची वीस वर्षांची सोबतीण धुरपताबाई. इंदूबाई वेचता वेचता आदल्या दिवशी वाचलेलं सांगे. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी तिच्या बरोबरीनं पुढं सरकायचं. मागं राहिलात तर गोष्ट गेली. त्या हंगामात वस्तीतल्या सगळ्यात मंद बायासुद्धा भराभरा वेचू लागल्या. वावराच्या मालकाला वाटलं, आपला धाक बसला. तसा समज करून घ्यायला कोणाचीच आडकाठी नव्हती.

एकसष्टच्या दिवाळीनंतर ‘राक्षसवालं’ निघालं. पोरांचंच पुस्तक, वेष्टनावर सुळे काढलेला हिरवा राक्षस. एक पोरकी पोर पोटासाठी त्याच्या घरी स्वयंपाकाला राहते. राक्षस एका बैठकीला चाळीस भाकरी खातो. इथंच इंदूबाईनं पहिली हरकत घेतली. “सूपभर पिठात चाळीस भाकरी लिहिल्या हाये. पायलीभर त लागनच. लिहिनाऱ्यानं जन्मात भाकर नाही थापली.” पण हरकत घेता घेता तिचा जीव त्या पोरीत अडकला. बासष्टाव्या पानावर राक्षसाचा थोरला भाऊ पाहुणा येतो. तो माणसं खाणारा. पोर रिकाम्या रांजणात लपते. पाहुण्याला लागते तहान आणि तो रांजणाकडे चालू लागतो. इंदूबाईनं तिथवर वाचलं आणि चूल पेटवायची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी वावरात तिनं तिथवर सांगितलं. धुरपताबाईचा हात बोंडावरच थांबला.

“मंग? पाह्यलं का त्यानं रांजनात?”

“उद्या सांगतो वं. म्या बी नाही वाचलं अजून.”

संध्याकाळी घरी आली तर पुस्तक फळीवर नव्हतं.

श्रावण कोपऱ्यात बसून पत्र लिहीत होता. बाजूला अकरा पुस्तकं सुतळीनं बांधलेली. सगळ्यात वर हिरवा राक्षस.

“माय, हे आता नाही भेटत,” तो म्हणाला. “परत पाठवून राह्यलो. राक्षस, चेटकीन, जादूची अंगठी. असलं आपल्या विहारात कायले पाह्यजे? रविवारी सभेत ठराव घेतो.”

श्रावण मुळात वाईट नव्हता. उलट गुणाचाच होता. पण नव्यानं पुसलेल्या कंदिलासारखा लखलखीत, आणि हात लावला तर चटका देणारा. बाळाच्या गालावर काजळाची तीट दिसली तरी तो त्या आईला पाच मिनिटं ऐकवी. नागपूरला घेतलेली शपथ त्याच्या बापाचा शेवटचा शब्द होती, असं तो मानायचा. इंदूबाईला हे कळत होतं. म्हणून तर तिला ‘मले बासष्टाव्या पानाच्या पुढचं वाचू दे’ असं म्हणायची लाज वाटली. एवढी मोठी बाई, आणि राक्षसाच्या गोष्टीसाठी हट्ट! ती चुलीपाशी जाऊन बसली. भाकरी मात्र त्या दिवशी करपल्या.

रविवारी वंदना झाली. पडवीत माणसं मांडी घालून बसली. श्रावणनं अकरा पुस्तकांचा गठ्ठा मध्ये ठेवला आणि चांगलं भाषण केलं. शेवटी म्हणाला, “आपण देव बुडवले. आता राक्षस कायले पाळाचे?”

लोकांना वाक्य आवडलं. माना हलल्या. वस्तीचे वडीलधारे उकंडाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कोर्टाच्या पायऱ्या चढून आलेला माणूस. साक्षीशिवाय निकाल त्यांना पटत नसे.

“श्रावन मास्तर, हे अकरा तुमी वाचले का?”

“वाचाचं काय काम, उकंडाजी? वेष्टनच सांगून राह्यलं.”

“मंग कोनं वाचले?”

धुरपताबाईनं बायांच्या घोळक्यातून इंदूबाईला कोपर मारलं. एवढं जोरात की ती अर्धी उठलीच.

“इंदूबाई, बोला,” उकंडाजी म्हणाले.

समोर मुलगा उभा. ज्यानं तिचं बोट धरून ‘ळ’ काढायला शिकवला तो. त्याच्या विरुद्ध बोलायचं, तेही त्यानंच दिलेल्या अक्षरांच्या जोरावर. तिनं पदर खांद्यावर ओढला.

“राक्षसवालं म्या अर्धंच वाचलं. बाकीचं यानं उचलून नेलं,” ती म्हणाली. लोक हसले. तिला जरा धीर आला. “देव बुडवले ते काहून बुडवले? आपन त्याईले घाबरत होतो. पोट्टं आजारी पडलं का कोंबडं, पीक गेलं का नवस. या राक्षसाले कोन घाबरते? वावरात म्या सांगतो त बाया हसून राह्यल्या. त्याले नवस नाही, निवद नाही. पुस्तक मिटलं का राक्षस गेला. लहानशा पोट्ट्याले बी समजते का हे खोटं हाय.”

“खोटं हाय त वाचाचं कायले?” श्रावण म्हणाला. आवाज मऊ होता. आईशी तो तोडून बोलत नसे. “खरं लिहिलेली पुस्तकं आहेत ना, माय. तुले मीच देल्लं ना ते डॉक्टरचं? त्यात आहे का कुठं देव? आहे का जादू?”

ते ‘बंगल्यावालं’. थोरांची कादंबरी, श्रावणची अतिशय लाडकी. एक सुधारक डॉक्टर, त्याचा बंगला, त्याची शिकलेली बायको, भिंतभर पुस्तकं, मोठे विचार. श्रावण त्यातले उतारे शाळेतल्या वर्गात वाचून दाखवी.

हे बोलावं की गिळावं, असं इंदूबाईला झालं होतं. मग तिनं बोलून टाकलं.

“परत पाठवाचंच असन, त मले वाटते, ते पाठवा.”

श्रावणला वाटलं, आई थट्टा करते आहे.

“काहून?”

“त्याच्यात एक बाई हाय. रोज सकाळी येते अन् अंगन झाडते. डॉक्टर ओसरीवर बसून मोठमोठं बोलते, ते बाई झाडते. त्याच्या पोरीचं लगीन होते, ते झाडते. तिचं नाव काय, सांग बरं.”

श्रावणनं पेटीतून पुस्तक काढलं. आधी हसतच काढलं. पानं चाळू लागला. सुरुवातीचं पाहिलं, लग्नाचं पाहिलं. परत मागे गेला. लोक वाट पाहत होते. ‘झाडणारी’, ‘झाडणारी बाई’, ‘ती’. एका ठिकाणी नुसताच खराट्याचा आवाज. तीनशे वीस पानांत तिला नाव नव्हतं. ती कुठं राहते, तिला कोणी आहे का, शेवटी ती येईनाशी का झाली, काहीच नव्हतं.

“राक्षस खोटा हाय, हे पोट्ट्याईले सांगा लागत नाही,” इंदूबाई हळूच म्हणाली. “पन हे त खरंच वाटते ना. चांगला मानूस हाय तो डॉक्टर. म्हनून त खरं वाटते.”

ठराव त्या दिवशी झालाच नाही. श्रावण एवढंच म्हणाला, “मी पुन्हा वाचतो,” आणि बंगल्यावालं, राक्षसवालं, दोन्ही पुस्तकं काखेत मारून बेंबळेकडे निघून गेला.

इंदूबाई घरी आली, पण तिला चैन पडेना. चारचौघांत लेकाला खाली पाहायला लावलं, याचं वाईट वाटत होतं. तिनं त्याच्या आवडीचा झुणका केला, झाकून ठेवला, दारात बसून राहिली. दुपार कलल्यावर तो आला. जेवला नाही. तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला.

“माय, मी ते पुस्तक तीनदा वाचलं होतं,” तो म्हणाला. “तीनदा. अन् मले ते बाई दिसलीच नाही. मायी आजी पाटलाचं अंगन झाडता झाडता मेली, तरी नाही दिसली.”

इंदूबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एवढा मोठा मास्तर, पण पाठ अजून पोराचीच होती.

“तुले कशी दिसन, बापू? तुह्या हातात खराटा आला नाही. येऊ नये म्हनून त शाळेत घातलं तुले.”

समोरच्या बाभळीखाली कोंबड्या माती उकरत होत्या. त्यानं काखेतलं राक्षसाचं पुस्तक काढलं आणि उघडं तिच्या मांडीवर ठेवलं. बासष्टावं पान.

“त्या रांजनातल्या पोरीले नाव हाय का, माय?”

“हाय ना. पयल्याच पानावर हाय,” इंदूबाई म्हणाली. “ते कामाले आली तवा राक्षसानं पयले तेच इचारलं, पोरी तुहं नाव काय म्हनून.”