शेवटचा इंग्रज बिशप

मी एका बिशपवर संशोधन करायला अमेरिकेला आले, हे नागपूरच्या माझ्या काकूंना शेवटपर्यंत पटलं नाही. "आपल्याकडे संत कमी पडले का?" असं त्या फोनवर विचारायच्या. मी हसून विषय बदलायचे.

हजारेक वर्षांपूर्वी नॉर्मन लोकांनी समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकलं, तेव्हा हा बिशप पश्चिमेकडच्या एका गावात होता. नव्या राजाने हळूहळू इंग्रज बिशपांच्या जागी आपली माणसं बसवली. हा मात्र राहिला. शेवटी जुन्या राजवटीतला तो एकटाच उरला. तो गेल्यावर त्याच्याजवळ राहिलेल्या एका पाद्र्याने त्याचं चरित्र लिहिलं, तेही लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या इंग्रजीत. ते पुस्तक हरवलं. पुढे कुणी तरी त्याचं लॅटिन भाषांतर केलं होतं, तेवढंच आज आपल्या हातात आहे.

ॲन आर्बर गावच्या विद्यापीठातल्या माझ्या प्राध्यापिकेने त्या लॅटिनखालची मूळ इंग्रजी वाक्यं शोधण्यात जन्म घालवला होता. तिकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायचे, मनात मात्र बाईच म्हणायचे. सडपातळ बांधा, अंगात दोन स्वेटर, बर्फातही बसनेच यायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "हाच बिशप का?"

"तो सोडून गेला नाही म्हणून," मी म्हटलं.

"लोक म्हणतात, तो भोळा होता म्हणून टिकला," बाई म्हणाल्या. "मला वाटतं, तो फार थकलेला होता आणि तरी रोज उठत होता."

पुढची काही वर्षं आम्ही त्याच्याबरोबरच राहिलो म्हणा ना. तो कोकराच्या कातडीचा साधा झगा घालायचा. एका नॉर्मन बिशपने सुचवलं, निदान मांजराची तरी फर घाला. यावर हा म्हणाला, प्रभूला स्तोत्रात देवाचं कोकरू म्हटलेलं ऐकलंय, देवाचं मांजर कधी ऐकलं नाही. हे सांगताना बाई दरवेळी तितक्याच हसायच्या. नंतरचा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. नॉर्मन पद्धतीचं मोठं चर्च बांधायचं म्हणून त्याने जुनं चर्च पाडायला काढलं आणि छपरावरून दगड उतरताना तो अंगणात उभा राहून रडला. पाडायचा हुकूम त्याचाच होता.

एका सेमिनारमध्ये बोलता बोलता बाई थांबल्या. त्यांना बिशपचं नाव आठवेना. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या अनोळखी माणसाचं नाव घेतलंय. उन्हाळ्याआधी त्यांना निवृत्त व्हावं लागलं. मी तोवर तिथेच कॉन्ट्रॅक्टवर शिकवायला लागले होते. त्यानंतर विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, विद्यार्थी येत नाहीत, मध्ययुगाचे कोर्स कॅन्सल करतोय. "हे तुमच्या कामाबद्दल नाही," ते म्हणाले. मध्ययुग शिकवणारे बाकीचे गेले. मला ठेवलं, पण बिझनेस रायटिंग शिकवायला. बाईंची खोली रिकामी झाली. त्यांची पुस्तकं 'फुकट घ्या' अशी पाटी लावून कॉरिडॉरमध्ये मांडली होती. जाणारी-येणारी मुलं त्यावर कॉफीचे कप ठेवायची.

माझा नवरा दूर पश्चिम किनाऱ्यावर फ्रीमाँटला नोकरी करत होता. "अगं, तू तिथे कोणासाठी थांबलीयस?" तो विचारायचा. त्याचा आवाज रागाचा नसायचा, म्हणून जास्त त्रास व्हायचा.

बाईंना एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. मी रविवारी बसने जायचे. त्या मला ओळखत नव्हत्या, पण गोष्ट ऐकायला तयार असायच्या. कोकराची गोष्ट सांगितली की हसायच्या, अगदी पूर्वीसारख्या. चर्च पाडल्याचं सांगितलं की रडायच्या, आणि ती बातमी त्यांना दरवेळी आजच कळलेली असायची. नर्सने मला बाजूला घेऊन, असं काही सांगू नका म्हणून सांगितलं. तो भाग मी गाळायला लागले. मग बंदरावरच्या गुलामांचा भाग गाळला. तिथे माणसं दोराने बांधून आयर्लंडला विकायचे. हा बिशप पुन्हा पुन्हा जाऊन तिथे मुक्काम करायचा आणि हे थांबवा म्हणून प्रवचनं द्यायचा. दोराचं नाव काढलं की बाई आपली मनगटं चोळायच्या. माझ्याकडे उरली फक्त मांजराची थट्टा.

एकदा त्यांनीच विचारलं, "तो मेला का?"

"हो. म्हातारा होऊन."

"त्याच्या जागी कोण आलं?"

"नॉर्मन."

"अर्थात," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. विचार करून म्हणाल्या की नुसत्याच, मला कळलं नाही. त्यानंतर त्यांच्याकडून एवढंसुद्धा कधी ऐकायला मिळालं नाही.

पुढच्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. मी फ्रीमाँटला आले. एका सॉफ्टवेअर कंपनीत मदतीची पानं लिहिते: कुठलं बटण दाबल्यावर काय होईल वगैरे. काम वाईट नाही. बाई गेल्याचं त्यांच्या मुलीच्या ईमेलमधून कळलं, तोवर अंत्यविधी होऊन गेला होता. मी नवऱ्याला सांगितलं. तो जवळ येऊन बसला. "आज ड्राइव्ह करू नकोस. सुट्टी टाक," तो म्हणाला. मी सुट्टी टाकली आणि दिवसभर काय करायचं ते मला कळेना.

मध्ये ते चरित्र मराठीत आणायला घेतलं होतं. तीनेक पानं झाली. दरवेळी वाटायचं, हे मी त्या लॅटिनवरूनच करतेय. मूळ वाक्यं ज्यांना थोडीफार ऐकू यायची त्या बाई गेल्या, आणि मला ती कधीच ऐकू आली नाहीत. मी ते काम सोडून दिलं.