गोजरबाईचे भोपळे

आमच्या डोंगरकडा गावात उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरं गोजरबाईच्या दारात गोळा व्हायची. गोजरबाई म्हणजे माझी सासू. कुंपणावरच्या वेलाचे भोपळे ती भाजीला खुडू द्यायची नाही. पाहुणे दारात आले आणि घरात भाजी नसली, तरी नाही. ते वेलावरच वाळायचे आणि पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधले जायचे. गाठ तीच मारायची आणि तीच सोडायची. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं, पण नवशिकं पोरगं भोपळ्याशिवाय विहिरीत उतरलं तर त्याच्या आईचाही उद्धार व्हायचा.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात रामजीनं हवा भरलेली ट्यूब विहिरीत सोडली. रामजी ट्रॅक्टर चालवायचा, पट्टीचा पोहणारा, शिवाय हसरा. दोन दिवसांत आमचं अंगण ओस पडलं. माझा लेक माऊलीसुद्धा तिकडेच पळाला. सासूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"काळं रबर ते. त्याच्यात काय एवढं ठिवलंय?"

"आत्याबाई, लई वर्सं भोपळे बांधले तुमी," मी म्हणाले. "आता बसा की सावलीला."

"मेल्यावर बसायचंच हाय."

मग ती रोज दुपारी भोपळे काखेत मारून विहिरीच्या काठावर जाऊन बसू लागली. एकही पोरगं भोपळा मागायचं नाही, पण ही हलायची नाही. रामजीची खोड काढायलाच बसते, हे गावाला ठाऊक होतं. मला तर तिची लाज वाटायची.

त्या दिवशी मी तिथंच धुणं धूत होते. रामजी उलटी उडी मारायला कठड्यावर चढला. पोरं ओरडायला लागली, मीही हातातलं लुगडं सोडून बघत राहिले. ट्यूबमध्ये शेजारची प्रतिक्षा होती, सात वर्षांची, काडीसारखी. तिनं टाळ्या वाजवायला दोन्ही हात वर केले आणि ट्यूबमधून सरळ खाली गेली. आवाज नाही, काही नाही. रिकामी ट्यूब तेवढी तरंगत राहिली.

रामजीची उडी बघायची नाही, असा पण केलेली एकच बाई तिथं होती.

"रामज्या, पोरगी गेली खाली," सासू ओरडली.

तो तिथूनच पाण्यात झेपावला आणि पोरीला घेऊन वर आला. ती खोकली, रडली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. संध्याकाळी प्रतिक्षाच्या बापानं पारावर रामजीला टॉवेल-टोपी केली. सासूचं नावही कोणी काढलं नाही.

घरी आल्यावर ती जेवेना. टोपीचा राग असेल असं मला वाटलं.

"आत्याबाई, लेकरू वाचलं ना? मग काहून तोंड पाडून बसल्या?"

"टोपी घालू दे त्याला," ती म्हणाली. "मी काठावर हात पसरून हुबी होते गं. माझ्याकडं आली न्हाई ती. त्याच्याच गळ्याला चिकटून बसली."

तिच्या मनातली सल मला पहिल्यांदा खरी वाटली, आणि आजवर तिची वाटायची ती लाज आता माझीच मला वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा विहिरीकडे निघाली.

"आता कशाला? त्याचं तोंड बघायला?"

"त्याचं तोंड कोण बघतंय," चपला घालत ती म्हणाली. "समदी त्याच्याकडं बघतेत. पोरांकडं कोण बघंल?"