राखेनं घासलेली काच

माझ्या नाकावर राग असायचा. त्या रागाचा भोग मामंजींच्या वाट्याला आला, हे आज स्पष्ट लिहून टाकते.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी साखरखेर्ड्याहून खामगावला आले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कापसातून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. कापसाची धूळ छातीत बसून बसून त्यांना दमा जडला होता. डॉक्टरांनी त्यांना काचेचा फवारा दिला. काचेच्या फुग्यात औषधाचे थेंब टाकायचे, नळी तोंडात धरायची आणि मागचा रबरी गोळा दाबत औषध आत ओढायचं. शेजारी त्या फवाऱ्याला चिलीम म्हणत आणि मामंजींना चिडवत.

"वापरली की काच उकळायची, स्वच्छ फडक्यावर पालथी घालून आपोआप वाळू द्यायची. घासायची नाही, पुसायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. घरात सातवी शिकलेली मी एकटीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

सासूबाईंना ते पटेना. त्यांच्या घरात तोंड लागलेलं भांडं राखेनं घासल्याशिवाय फळीवर चढत नसे.

"उकयल्यानं उष्टं जाते काय व? राख लाव, राख!"

महिनाभर रोज हेच. एका सकाळी माझं डोकं फिरलं. घ्या म्हटलं, लावते राख! चिंधीची वात करून नळीच्या आतही राख फिरवली आणि माठातल्या पाण्यानं विसळली. काच लखलखली. सासूबाई खूश झाल्या. आपण चूक करतोय हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी पुढे आठवडाभर मी तेच करत राहिले.

मग मामंजींना ताप भरला. छातीत घरघर, पिवळा कफ, बसल्या जागी धाप. डॉक्टर घरी आले. त्यांनी नळी उजेडाकडे धरली आणि काडीनं आतली ओली राख बाहेर काढली.

"हे कुणी घासलं? ही घाण सरळ छातीत गेली ना!"

सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. मी दाराआड उभी होते. पण खरं सांगायचं तर रीत नसती तरी मी बोलले नसते. मी भ्याले होते.

"म्याच घासली," मामंजी धापा टाकत म्हणाले.

सासूबाई पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या.

दोन आठवडे सुया टोचून घेऊन ते कसेबसे वाचले. उठून बसायला लागले तशी काच स्वतःच उकळू लागले, कारण चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली होती. चुलीपुढे बसायचे, धुरानं खोकायचे, पुन्हा लाकूड आत सारायचे. भाकरी थापताना तो खोकला माझ्या कानावर पडायचा. माझ्यानं ते ऐकवेना.

एक दिवस रीत बाजूला ठेवून मी चुलीपुढे त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामंजी, राख म्या लावली होती. ठाऊक असून. रागानं."

ते बराच वेळ खोकत राहिले.

"मले माहीत हाय, माय. म्या त चुलीपाशी कधी बसलोच नव्हतो, राख कुठून आणतो? काच त तुयाच हाती होती." मग त्यांनी सांडशीनं उकळतं भांडं माझ्याकडे सरकवलं. "घे. पह्यले हात धू."

मी हात धुतले. दोनदा.